आवाजाचं दारं

संतराम लाउडस्पीकर सर्व्हिसचं नाव तुमी ऐकलं नसंल तर तुमी आमच्या भागातले न्हाईत, येवढं मी तोंडावर सांगते. आखाडा बाळापूरच्या बाजारापासून वारंगा फाट्यापर्यंत कुणाचं लगीन असो, जयंती असो, पुढाऱ्याची सभा असो, झाडावर भोंगा आमचाच. आन् त्या भोंग्यातून पहिलं "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणणारा नवरा बी माझाच. माणूस दिसायला बेताचा, पण हातात माईक आला की त्याच्या अंगात येतं. एक डाव लग्नात नवरदेव बोहल्यावर ताटकळत उभा, भटजी... आता ते जाऊ द्या. ह्यांचं टेस्टिंगच संपंना. शेवटी मी जाऊन वायर उपसली, तवा कुठं अक्षता पडल्या.

बोलायची हौस त्यांची, पण मशीनची बटनं माझ्या हाताखाली. माझ्या, म्हणजे द्वारकाबाईच्या. लग्नात एकच माईक, तिथं काई तकलीफ न्हाई. सभेत मात्र चार-चार माईक लागतेत. साहेबाफुडं एक, सरपंचाफुडं एक, गडीमाणसांत एक, बायांत एक. चारी उघडे ठेवले की भोंगा अशी शिट्टी मारतो की म्हशी दावं तोडून पळतेत. म्हणून बोलणाराचं तेवढं बटन उघडायचं आन् बाकीची दाबून धरायची. तीबी कवा, तर त्यानं तोंड उघडायच्या आधी. लोक इचारायचे, बाई, तुला कसं कळतं? अवो, माणूस बोलायच्या आधी घसा खाकरतो, उपरणं मागं टाकतो, बाई असंल तर पदर सावरती. डोळे उघडे ठेवले की समदं दिसतं. माझ्या हाताखाली कुणाचा शब्द कवा हुकला न्हाई. ही बढाई वाटत असंल तर वाटू द्या.

ह्यांच्या हातात बटनं दिली की मातर वाटोळं. भाषण सुरू झालं की हे तोंड उघडं टाकून ऐकत बसायचे. मंग दचकून बटन फिरवायचे. तवर बोलणाराचा पहिला शब्द मशीननं गिळलेला असायचा.

त्या वक्ताला आमच्या गावावर तलाव येऊन राहिला व्हता. अजून आमचा जिल्हा परभणीच व्हता आन् तालुका कळमनुरी. समदं गाव पाण्याखाली जाणार, आन् सरकार वरच्या माळावर नवं गावठाण मांडून देणार असं ठरलं. नकाशा आला. चावडीवर लावला. बगतो तर काय, गाव नाल्याच्या अल्याड, शाळा अल्याड, हीर अल्याड, दवाखाना अल्याड. आन् आमची बौद्धांची आळी तेवढी नाल्याच्या पल्याड. पावसाळ्यात त्या नाल्याला छातीयेवढं पाणी असतंय. लेकरांनी शाळेत जायाचं कसं? अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायाचं कसं? जुन्या गावात आमी येशीभायेर व्हतो, ते बापजाद्यांपासून. पण आता सरकार कोऱ्या माळावर नवं गाव मांडून राहिलं, तर तिथंबी आमी भायेर काहून? अल्याडची चांगली जागा सरपंच किशनरावांच्या भावकीला पायजे व्हती, हे लेकरू बी सांगत व्हतं.

पुनर्वसनाचे साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला येणार म्हणून सांगावा आला. आमच्या आळीनं ठरवलं, चतुराबाईनं बोलायचं. चतुराबाई म्हणजे माझी सासू. आमी सुना सासूला आत्याबाई म्हणतो. आळीतली निम्मी लेकरं आत्याबाईच्या हातावर जन्मलेली. कुणाचं भांडण असो, त्यांनी सांगितलं की मिटलं. फक्त आवाज बारीक, पाण्यातून आल्यावानी. टायफाइडात घसा गेला तो गेलाच. पण भोंगा घरचा असल्यावर आवाजाची काय काळजी, असं समदेच म्हणले.

नेमकी त्याच वक्ताला माझी बहीण कळमनुरीच्या दवाखान्यात बाळंतपणाला. मी तिच्याजवळ. आन् मशीनवर बसले कोण, तर आमचे हॅलो-हॅलो.

काय झालं ते मला मागून कळलं. चिंचंखाली सभा भरली. साहेबांनी इचारलं, "नाल्याच्या पलीकडे जायला वस्तीची तयारी आहे का?" आत्याबाई उभ्या राहिल्या. माय बोलायला उठली म्हणून ह्यांची छाती अशी फुगली, अशी फुगली, की हात बटनावर हाय ह्याचं भानच न्हाई. आता आमच्याकडं नकार द्यायचा असला की "न्हाई" आधी येतं, बाकीचं मागून. आत्याबाई म्हणल्या, "न्हाई जाणार आमी नाल्यापल्याड!" ह्यांनी दचकून बटन उघडलं, ते "न्हाई" संपल्यावर. आन् चिंचंवरच्या भोंग्यातून समद्या गावाला ऐकू आलं, "जाणार आमी नाल्यापल्याड!"

साहेब लांब मंडपात. त्यांनी भोंग्याचं ऐकलं. किशनरावांना दर वाक्याला "बराबर, बराबर" म्हणायची सवय. ते म्हणले, "बराबर! बराबर!" त्यांचं बटन मातर ह्यांनी बराबर वक्तावर उघडलं. टाळ्या पडल्या. आमच्या बाया उठून वरडू लागल्या, तर लांबून वाटलं की खुशीत हायेत. साहेबांना फुडच्या गावाला जायाचं व्हतं. जीप गेली.

मी यष्टीतून उतरले तर आमच्याच आळीतल्या बायांनी तोंडं फिरवली. घरी आले. आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या. लेकाशी बोलणं बंद. मला येवढंच म्हणल्या, "मी न्हाई म्हणलं व्हतं गं, द्वारका."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. घर डोक्यावर घेतलं मी. "अवो, बारशात शेजाऱ्याच्या पोराचं नाव गिळलं, तालुक्याच्या पुढाऱ्याचा नमस्कार गिळला, आन् आता सोताच्या मायचं 'न्हाई' गिळलं! भूक तरी केवढी तुमच्या मशीनला!" हे खाली मान घालून बसलेले. त्यांचं तोंड बगून मलाच रडू आलं. पण मी ते दाखवलं न्हाई.

आळीत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणलं, म्हातारीनं आळी इकली. कुणी म्हणलं, म्हातारी कशाला इकील, लेकानं इकली. संतरामला सरपंचानं फोडला, मुद्दाम बटन दाबायला लावलं. जिच्या हातावर त्यांची लेकरं जन्मली तिच्या दारावरून माणसं मान वळवून जाऊ लागली. आत्याबाईनं जेवण टाकलं न्हाई, काम टाकलं न्हाई, पण दारात बसायचं टाकलं. ते मला बगवंना.

मी त्यांना घेऊन कळमनुरी गाठली. साहेबांच्या ऑफिसात उभ्या राहिलो. साहेब माणूस चांगला निघाला. आत्याबाई टेबलाजवळ जाऊन म्हणल्या, "मी न्हाई म्हणलं व्हतं, साहेब." साहेबांना पहिल्यांदा कळंना. मंग मी समदं सांगितलं. ते म्हणले, "बाई, भोंग्यातून आलं ते मी ऐकलं. पण तुम्ही म्हणता तर पुन्हा येतो. गावासमोर जे बोलाल ते शेवटचं."

मी मनात म्हणलं, या तर खरं. ह्या खेपंला मशीनवर मी बसते, मंग बगते कोण काय गिळतं. पण किशनराव काय दूधखुळे व्हते? त्यांनी चावडीवर सांगून टाकलं, "मशीनवर द्वारका बसणार असंल तर आमी सभेला येत न्हाई. ती आमाला तोंडच उघडू द्यायची न्हाई." आता खरं सांगू का, मला आतून गुदगुल्या झाल्या. गावच्या सरपंचाला माझ्या हाताची भीती! पण आमची आळी बी तेच म्हणाली, उलट्या बाजूनं. संतरामचा हात नको. द्वारकेचा बी नको, ती त्याचीच बायको. बाळापूरचं दुसरं मशीन आणावं तर ते किशनरावांच्या साडूचं. बिनभोंग्याची सभा करावी तर आत्याबाईचा आवाज चार माणसांपलीकडं जात न्हाई. हात कुणाचाबी असो, तो कुणाचा तरी असणारच.

चावडीफुडं हा घोळ चाललेला. आन् आमचे हॅलो-हॅलो उठून उभे राहिले. घसा खाकरला. मला वाटलं, आता माफी मागतेत. तर म्हणले, "कुणाचाच हात नको ना? मंग मी बिनहाताचं मशीन करतो. जो बोलंल त्याचा माईक आपोआप उघडंल. बटनाला कुणी शिवायचं काम न्हाई."

लोक हसले. किशनराव म्हणले, "बराबर, बराबर, कर." घरी येऊन इचारलं, "अवो, जमतंय का तुमाला?" तर म्हणतेत, "बोलून तर बसलो."

असा माणूस. पण एक सांगते, हात त्यांचे सोन्याचे. बटन फिरवायला नालायक, पण मशीन उघडून आतलं लावायला बसले की डॉक्टर. नांदेडला मोहनसिंग नावाच्या सरदारजीच्या दुकानात रेडिओ दुरुस्ती शिकलेले. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी काय काय तारा जोडल्या. आवाज आला की त्या माईकची कळ आपोआप पडून तो उघडायचा आन् बाकीचे बंद व्हायचे, आवाज थांबला की कळ उठायची. टक् पडली, टक् उठली. मला बी कौतिक वाटलं. आमी अंगणात चार माईक मांडले आन् आळीतल्या माणसांना बोलावून घेतलं.

रामजी म्हणून आमचा शेजारी. तो माईकफुडं बसला आन् सवयीनं तंबाखू काढली, चुना लावला, मळली, आन् तळहातावर दिली थाप. टक्! रामजीचा माईक उघडा. बायांत कुणीतरी बोलत व्हतं ते तुटलं, आन् भोंग्यातून गावभर तंबाखूची थाप. लोक लोळून हसले. मंग एकानं किशनरावांची नक्कल करून "बराबर, बराबर" म्हणलं. टक्, माईक त्याच्याकडं. बोलणारा राहिला बाजूला आन् हुंकार देणाराच मोठा झाला. आता आमच्या गावात सभा म्हणजे काय? एक बोलणार आन् पन्नास जण व्हय व्हय, बराबर, हं हं म्हणणार. मधी खोकणार, तंबाखू थापटणार. त्या डब्याला माणसाचं बोलणं कोणतं आन् हुंकार कोणता ते काय कळणार!

ते बी चाललं असतं एक वेळ. पण शेवटी आत्याबाई पदर सावरून माईकफुडं बसल्या आन् बोलल्या. भोंग्यातून आलं, "जाणार आमी नाल्यापल्याड." कळ पडायला अर्धा शब्द लागत व्हता. तेवढ्यात "न्हाई" गेलं.

कुणी हसलं न्हाई. आत्याबाई उठल्या. लेकाच्या तोंडाकडं बगितलं आन् म्हणल्या, "तुज्या मशीनला माजं 'न्हाई' पचत न्हाई, बाबा." आत निघून गेल्या. ह्यांनी डबा उचलला आन् भिंतीवर आपटायला निघाले, तो मी हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिशी मी सोनाजीच्या रानात रोजानं गेले. हळदीला पाणी चाललं व्हतं आन् दारं धरायला मी. दारं धरणं म्हणजे, हिरीचं पाणी पाटानं येतं ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडायचं. पाणी येकच, वाफे चार. फावड्यानं एकाचं तोंड मोडायचं, दुसऱ्याचं बांधायचं. पुरी उमर हेच केलेलं. त्या दिशी बांधलेल्या तोंडांची माती धुपून गेली आन् पाणी चारी वाफ्यांत बारीक बारीक चाललं. मी फावडं टेकून बगत बसले. कोणतंच तोंड बंद न्हाई. पण एका वाफ्याचं तोंड जरा खोल झालं की पाणी तिकडं ओढलं जातंय आन् बाकीचे आपसूक बारीक होतेत. बंद होत न्हाईत, बारीक होतेत. पाटातलं पाणी तेवढंच. कुणी फावडं मारलं न्हाई.

मी फावडं तिथंच टाकलं आन् घराकडं पळत सुटले. सोनाजी मागून वरडतोय, "बाई, हळद वाहून चालली!" वाहू दे म्हणलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "तुमी दारं बंद काहून करता? बंद केलं म्हणून तर उघडायला वकत लागतो. बंद करूच नका. आवाज पाण्यावानी येकच ठेवा, चौघांत वाटून. कुणीच बोलत न्हाई तर चौघांना सारखा. एक बोलला की त्याच्याकडं जास्त, बाकीच्यांकडं कमी. वाटणी आपोआप, पण बेरीज तेवढीच. मंग शिट्टी बी न्हाई, आन् पहिला शब्द गिळायला बंद दारच न्हाई."

ह्यांनी डबा जवळ ओढला. मंग म्हणतेत काय, "माझ्या बी मनात हेच व्हतं." असू द्या. नवरा हाय, येवढं चालवून घ्यावं लागतं.

हे नांदेडला गेले. मोहनसिंग आधी पोट धरून हसला, मंग दुकानाचं अर्धं शटर ओढून ह्यांच्यासंगं बाकड्यावर बसला. डबा आला तो नवाच. झाकणावर चार बारके बल्ब, एकेका माईकचा एकेक. चौघांना वीज एकाच ठिकाणाहून, तीबी मोजकी. कुणी बोलत नसलं की चारी बल्ब मंद, सारखे. एक बोलला की त्याचा उजळतो, बाकीचे तेवढेच मंदावतेत. बल्ब जेवढा उजळ तेवढा माईक मोठा. रामजीनं मुद्दाम तंबाखू थापटली. त्याचा बल्ब जरा मिचकला आन् बसला. बोलणाराचा आवाज तुटला न्हाई. आत्याबाई मातर ह्या खेपंला माईकफुडं बसायला तयार झाल्या न्हाईत. म्हणल्या, "आता बोलंन ते सभेतच."

सभेच्या दिशी गावच्या गाव चिंचंखाली लोटलं. तलावात जाणाऱ्या वाड्या-तांड्यावरची माणसं बी आली. डबा मधोमध स्टुलावर ठेवला. साहेबांनी सोता वाकून बगितला, ह्यांना चार गोष्टी इचारल्या, आन् मशीनची बटनं समद्यांदेखत चिकटपट्टीनं बंद केली. ह्यांनी "हॅलो, हॅलो" म्हणून घेतलं, त्याशिवाय चैनच न्हाई. मंग हे गडीमाणसांत जाऊन बसले आन् मी बायांत, आत्याबाईच्या मांडीला मांडी लावून. मशीनपाशी कुणीच न्हाई. एवढ्या वर्षांत भर सभेत माझे हात रिकामे पहिल्यांदाच. हातांचं काय करावं तेच कळंना.

साहेबांनी वाचून दाखवलं, मंग इचारलं, "नाल्याच्या पलीकडे जायला वस्तीची तयारी आहे का?"

स्टुलावर चारी बल्ब सारखे मंद. आत्याबाईनी पदर सावरला. माझा हात सवयीनं बटन फिरवायला उठला आन् हवेतच राहिला.

"न्हाई," आत्याबाई म्हणल्या.

आन् चिंचंवरून पडलं, "न्हाई." आख्खं. त्याचा न बी गेला न्हाई. "न्हाई जाणार आमी नाल्यापल्याड." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिकडं गडीमाणसांत हे उभेच राहिले, लोकांनी ओढून खाली बसवले. आमच्या आळीतली माणसं, जी मान फिरवून जायची, ती आत्याबाईकडं बगायच्या ऐवजी खाली बगू लागली. बगा म्हणलं, चांगलं बगा!

पण किशनराव काय सोडतेत. ते उभे राहिले आन् मोठ्यानं सुरू झाले, "मागल्या सभेत हिनंच हो म्हणलं व्हतं, साहेब, समद्या गावानं ऐकलं!" त्यांचा आवाज म्हणजे नगारा. त्यांचा बल्ब लख्ख झाला. आत्याबाई बोलतच व्हत्या, पण आमचा बल्ब मंदावत चालला आन् आवाज बारीक बारीक. आता त्या डब्याला न्याय-अन्याय थोडाच कळतो! जो जोर लावंल त्याच्याकडं पाणी. माझा जीव टांगणीला लागला. बटन हाताखाली असतं तर मी त्यांना कवाच बसवलं असतं. उठावं आन् चिकटपट्टी उपसावी असं मनात आलं बी. पण मंग हात पुन्हा कुणाचा तरी झाला असता.

मी आत्याबाईच्या खांद्यावरून वाकले, माईकजवळ तोंड नेलं आन् म्हणलं, "न्हाई!"

माझ्या मागं आळीतली भागूबाई वाकली. "न्हाई!" मंग जिवनबाई. मंग तर आमच्या समद्या बाया सरकत सरकत आल्या, लेकरं काखेत घेऊन, आन् ज्या बायांनी यष्टीपाशी तोंडं फिरवली व्हती त्या बी. "न्हाई! न्हाई जाणार!" आमचा बल्ब असा उजळला की मला वाटलं आता फुटतो. आन् किशनरावांचा नगारा त्यांच्याच माईकमधी बसत गेला. तोंड तर हलून राहिलं, हात बी हलून राहिले, पण भोंग्यात आमीच. त्यांनी माईकवर चापट मारली. मंग ताडकन मशीनकडं वळले, "द्वारके, बटन सोड!" म्हणून वरडायला. मशीनपाशी कुणीच न्हाई. नुसता पत्र्याचा डबा. मी बायांतून उभी राहिले आन् दोनी हात वर करून दाखवले.

सभा खदखदून हसली. किशनरावांची भावकी बी हसली.

साहेबांनी हात वर केला. समदे गप झाले. बल्ब पुन्हा चौघांचे सारखे. साहेब म्हणले, "आता बाईंना एकट्यांना बोलू द्या. कुणी मध्ये येऊ नका. बोला बाई."

आत्याबाई आधी किशनरावांकडं वळल्या. "मालक," त्या म्हणल्या, "मागल्या डावाला बी मी न्हाईच म्हणलं व्हतं. मशीननं गिळलं. आज गिळलं न्हाई." मंग साहेबांकडं तोंड केलं आन् सांगायला सुरुवात केली. नाल्याला कवा पाणी येतं. कोणत्या साली कुणाचं लेकरू त्यात गेलं, त्या लेकराचं नाव. अडलेल्या बाईला खाटेवर घालून नाला वलांडताना काय होतं. आवाज तोच बारीक, पण भोंग्यातून असा सावकाश, असा स्वच्छ येऊन राहिला की लांबच्या बाभळीखाली बसलेली तांड्याची माणसं बी माना डोलवू लागली. रामजीनं काढलेली तंबाखू तशीच हातात धरून ठेवली. कुणी हं म्हणलं तर बल्ब तेवढा मिचकायचा आन् पुन्हा म्हातारीकडं जायाचा. ही माझी सासू. ह्या सासूची मी सून. आन् तो डबा माझ्या नवऱ्यानं केलेला, माझ्या दाऱ्यावरून. सांगा, फुगू नको तर काय करू!

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. पेन्सिल घेतली. नाल्यापल्याडचा चौकोन समद्यांदेखत खोडला आन् शाळेच्या अंगाला नवा आखला. म्हणले, "वस्ती गावातच राहील. गावठाण एकच." आमच्या आळीनं टाळ्यांचा असा कडकडाट केला की चारी बल्ब एकदम नाचले.

टाळ्या थांबल्यावर किशनराव उठले. सरपंच माणूस, सभा आपल्या हातानं संपवायची रीत. उपरणं नीट केलं आन् म्हणले, "बराबर, बराबर. तर साहेबांचे आभार मानून मी ही सभा—"

आत्याबाई अजून उभ्याच व्हत्या. हातानं माईकचा दांडा धरलेला. त्यांना कुणी बसा म्हणलं नव्हतं आन् त्या बसल्या बी न्हवत्या.

"थांबा, किशनराव," त्या म्हणल्या. "माजं व्हायचं हाय अजून."

किशनराव खाली बसले.